कोल्हापुरातला आठवडा: दिवसा रस्सा, रात्री सिनेमा

कोल्हापूर हे बहुतेकांच्या लेखी एका दिवसाचं गाव आहे. पहाटे महालक्ष्मी एक्सप्रेसने उतरायचं, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, दुपारी तांबडा-पांढरा ओरपायचा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खायची आणि चपलांचा जोड काखेत मारून रात्रीच्या गाडीत बसायचं. माझ्याही आजवरच्या फेऱ्या अशाच झाल्या होत्या. या जानेवारीत मात्र ठरवून आठवडाभर राहिलो. मंगळवार पेठेत आत्याचं घर आहे, तिथेच मुक्काम टाकला. बेत साधा होता: दिवसा गावात फिरायचं नि खायचं, आणि रात्री जेवणं झाली की घरच्यांबरोबर कोल्हापुरातच बनलेला एखादा जुना सिनेमा बघायचा. मराठी सिनेमाचं हे माहेर आहे, हे शाळेपासून ऐकत आलो होतो. ते माहेर आज कुठे, कशा अवस्थेत आहे ते मला बघायचं होतं.

आत्याने पहिल्याच संध्याकाळी खाण्याचं वेळापत्रक सांगून टाकलं. "मटण रविवारी. तंवर घरचं खा, भाईर काय खायचं ते भावाबरोबर जाऊन खा." भाऊ म्हणजे तिचा मुलगा. त्याचं दुकान सकाळी दहाला उघडतं, त्यामुळे सकाळची मिसळ त्याच्या वाट्याला आली.

कोल्हापूरच्या मिसळीबरोबर पाव मिळत नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस मिळतात. का, ते स्लाइस कटात बुडवली की कळतं. पाव लगेच विरघळतो. स्लाइस रस शोषून घेते आणि तरी हातात टिकते. खाली मटकीची उसळ, वर शेव-फरसाण, कांदा, कोथिंबीर आणि या सगळ्यावर तेलाचा लाल तवंग मिरवणारा कट. फडतरे, चोरगे, बावडा ही नावं बाहेरच्यांनाही माहीत असतात, पण पेठेतल्या प्रत्येकाची स्वतःची एक जागा ठरलेली असते आणि ती सोडून तो सहसा दुसरीकडे जात नाही. भाऊ मला ज्या टपरीवजा हॉटेलात घेऊन गेला तिथे बाकावर बसल्याबरोबर ताटली समोर आली. मालकाने विचारलं ते एवढंच, "पाहुणं कुठलं?" पुण्याचं म्हटल्यावर त्याने कटाची वाटी न मागता पुन्हा भरली. "घ्या की, तिखट न्हाई लागायचं." लागलं, आणि फार आवडलं.

या तिखटामागे घरोघरची 'चटणी' असते. बाकीचा महाराष्ट्र जिला कांदा-लसूण मसाला म्हणतो, ती कोल्हापुरात नुसती चटणी. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी आणि लवंगी झणक्यासाठी; मग धणे, तीळ, खोबरं, गरम मसाला भाजून घ्यायचा आणि सगळं डंकावर नेऊन कांडून आणायचं. कांदा-लसूण त्यात मुरला की बरण्या वर्षभरासाठी भरल्या. प्रमाण घरागणिक वेगळं असतं. आत्याची चटणी तिच्या सासूच्या प्रमाणाची आहे आणि त्यात कुणी बदल केलेला तिला चालत नाही.

दुसऱ्या दिवशी खरी कॉर्नरला गेलो. तिथे एक कॅमेरा स्तंभ आहे. रहदारीच्या गर्दीत तो शोधावा लागतो, पण मराठी सिनेमाचं तीर्थक्षेत्र म्हणावं अशी ही जागा आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचं नाव, जन्म १८९० चा. घरातच कारागिरी होती. ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून दोघेही 'पेंटर' झाले. फाळक्यांचा सिनेमा पाहिल्यावर दोघांना एकच ध्यास लागला, तो म्हणजे असं चित्र आपणही काढायचं. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून तो स्वतः बनवायचा. जुना प्रोजेक्टर मिळवून त्याचं यंत्र समजून घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही; विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं आणि कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करायच्या त्या काळात बाबूरावांनी त्यात स्त्रियांनाच घेतलं. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

त्या स्तंभासमोर उभं राहिल्यावर मला सगळ्यात जास्त भिडली ती या कामाची जात. शिकायला शाळा नव्हती आणि सुट्या भागांचं दुकानही नव्हतं. रंगारी, सुतार, लोहार, यंत्रं दुरुस्त करणारे असे पेठेतले लोक एकत्र आले आणि त्यांनी जगात नुकतीच जन्मलेली कला आपल्या हातांनी घडवली. पुढे १९२५ मध्ये याच कंपनीने 'सावकारी पाश' काढला. जमीन सावकाराच्या घशात गेलेला शेतकरी शहरात मजुरीला येतो, अशी ती गोष्ट, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. देवादिकांच्या कथांची चलती असताना कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणणं हे मोठं धाडस होतं. 'सैरंध्री' आज उपलब्ध नाही. त्या काळातले बहुतेक मूकपट असेच गेले.

शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळाही याच बाबूरावांचा. तिथे पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. स्वातंत्र्याच्या चळवळीत तो हटला आणि दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये महाराज आले. रोज हजारो लोक त्याखालून जातात. हे काम एका सिनेमावाल्याचं आहे, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

त्या रात्री आम्ही 'अयोध्येचा राजा' लावला. बाबूरावांच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णींच्या साथीने १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि १९३२ मध्ये तिचा हा पहिला मराठी बोलपट. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. आवाज मागाहून भरण्याची सोय तेव्हा नव्हती. नट बोलेल, गाईल ते तिथल्या तिथे मुद्रित व्हायचं. नव्वद वर्षांपूर्वीची ती खरखर ऐकताना आत्या म्हणाली, "ह्यो आवाज आपल्या गावातला हाय, बघ." मला एकदम शहारा आला. तारामतीच्या त्या ठाम चालीत पुढच्या कितीतरी नायिका दिसतात. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. पुण्याच्या त्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्यामुळे प्रभात म्हटलं की लोकांना पुणंच आठवतं. कोल्हापूरची ती पहिली चार वर्षं मागे पडतात.

मधला एक दिवस गुऱ्हाळासाठी ठेवला होता. जानेवारीत जाण्याचं तेही एक कारण. पंचगंगेच्या काठच्या एका गावात भाऊच्या मित्राचं गुऱ्हाळ आहे. चुलवाणात चिपाडं धगधगत असतात आणि वर भल्यामोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो. त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. रस आटत जातो तसा रंग पालटतो: आधी हिरवट, मग पिवळा, मग सोनेरी. या टप्प्यावर गुळव्या सोडून कुणीच बोलत नाही. तो थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. गोळी घट्ट वळली की हाक मारतो आणि चौघे मिळून काहील वाफ्यात ओततात. हाक क्षणभर आधी आली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपट लागतो. कुठलाही तापमापक तिथे नव्हता. आम्हाला गरम काकवी मिळाली, भाकरीबरोबर. मी ती पोटभर खाल्ली.

हा गूळ जातो शाहूपुरीच्या नि मार्केट यार्डाच्या बाजारात. शाहूपुरीची गुळाची पेठ शाहू महाराजांच्या काळातली, १८९५ ची. गुजरात हे या गुळाचं मोठं गिऱ्हाईक. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

त्याच रात्री 'साधी माणसं' पाहिला, आणि गुऱ्हाळ बघून आल्यावर तो बघावा असं मी सर्वांना सांगेन. भालजींचा १९६५ चा हा चित्रपट लोहाराच्या घरातला. सूर्यकांत आणि जयश्री गडकर भात्यासमोर काम करताना दिसतात तेव्हा ती मेहनत नटवलेली वाटत नाही. संगीत 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकरांचं; भालजींच्या चित्रपटांना त्यांनी याच नावाने चाली दिल्या. राज्य शासनाचा उत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. आत्या गाणी सुरू झाली की हातातलं काम थांबवायची आणि संपली की पुन्हा लसूण सोलायला घ्यायची.

भालजींचं बरंचसं काम जयप्रभा स्टुडिओत झालं. कोल्हापूर संस्थानच्या आश्रयाने १९३३ मध्ये कोल्हापूर सिनेटोन सुरू झाली, ती जागा पुढे जयप्रभा म्हणून भालजींकडे आली. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या दंगलीत स्टुडिओ जाळला गेला. 'मीठभाकर' चित्रपट तयार होता, त्याच्या फिल्म जळाल्या. भालजींनी तो पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला आणि १९४९ मध्ये लोकांसमोर आणला. राखेतून चित्रपट पुन्हा उभा करणाऱ्या या माणसाला सगळे 'बाबा' म्हणत. १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९५९ मध्ये स्टुडिओ लताबाईंनी घेतला होता. अलीकडे जागेच्या विक्रीची बातमी आली तेव्हा, २०२२ मध्ये, कोल्हापूरचे कलावंत आणि तंत्रज्ञ आंदोलनाला बसले. मी बंद दारासमोर थोडा वेळ थांबलो. आत जाता आलं नाही.

त्यामानाने चंद्रकांत मांडरे यांचं राजारामपुरीतलं कलासंग्रहालय बघून मन भरलं. भालजींच्या १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'त महाराज साकारणारा हा नट उत्तम चित्रकार होता. निसर्गचित्रं, आणि त्यातही पावडर शेडिंगची: कोरड्या पावडरीने कागदावर उमटवलेलं धुकं, पाणी, डोंगर. आपलं राहतं घर आणि चित्रं त्यांनी शासनाला दिली. मी गेलो त्या दुपारी दुसरं कुणीच नव्हतं.

आत्याच्या गल्लीत थिएटरात ऑपरेटर म्हणून आयुष्य घालवलेले एक काका राहतात. भाऊ त्यांना जेवायला घेऊन आला. कोल्हापुरात जुन्या टॉकीजची नावं अजून पत्त्यांत जिवंत आहेत; रिक्षावाल्याला उमा टॉकीज, पद्मा टॉकीज किंवा व्हीनस कॉर्नर सांगितलं की पुरे. पण पडदे बहुतेक मिटले. काकांनी मला कार्बनचा प्रोजेक्टर हातवारे करून समजावला. दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यामध्ये विजेचा झोत पेटतो, त्याच उजेडावर सिनेमा दिसतो. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं आणि पडद्यावर अंधारी येते, म्हणून चाकी फिरवत फिरवत त्या जवळ आणायच्या. एक मोठं रीळ वीस-बावीस मिनिटांचं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात टिपका चमकतो, तो बघून दुसरं मशीन चालू करायचं. "लोकांना कळलं न्हाई पायजे," काका म्हणाले, "रीळ बदललं त्ये. कळलं तर ऑपरेटर कच्चा." कधी एकच प्रिंट दोन थिएटरांत चालायची, मग सुटलेलं रीळ पोरगं सायकलवरून पळवत दुसरीकडे न्यायचं. आसपासच्या गावांतून बैलगाड्या भरून लोक यायचे, भाकऱ्या बांधून आणायचे आणि शेवटचा खेळ सुटला की गाडीतच झोपायचे. काका सांगत होते आणि आत्याच्या ताटातली झुणका-भाकरी तशीच राहिली होती. तिलाही त्या गाड्या आठवत होत्या.

शनिवारी भाऊच्या मुलांबरोबर मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये नवा मराठी सिनेमा पाहिला. गार हवा, मऊ खुर्च्या. मुलं खूश होती. संध्याकाळी त्यांना घेऊन गंगावेशीला दूधकट्ट्यावर गेलो, तिथे ती आणखी खूश झाली. म्हशी रस्त्याच्या कडेला आणून बांधतात, गवळी कास धुतो आणि तुमच्या पेल्यातच धार काढतो. वरून पडणाऱ्या धारेने फेस इतका येतो की आधी फेसच ओठांना लागतो, मग खालचं कोमट दूध. साखर नाही, उकळी नाही. जवळच गंगावेस तालीम आहे. जोर-बैठका मारून आलेले पैलवान, नोकरीवरून परतणारे कारकून, नातवाला घेऊन आलेले आजोबा एकाच रांगेत उभे राहून पितात. रात्री मग कुस्तीचा सिनेमा हवाच. 'तांबडी माती' लावला, भालजींचा, १९६९ चा. दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर आले ते याच चित्रपटात. मुलांनी सकाळी मल्टिप्लेक्सला टाळ्या वाजवल्या नव्हत्या, इथे वाजवल्या.

रविवारी मटण आलं. आत्याने मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून घेतलं. मटणाला आलं-लसणाचं वाटण आणि मीठ लावलं, हळद अगदी बेतानं, कारण ती जास्त झाली तर पांढरा पिवळा होतो. थोड्या तेलावर परतून वर झाकण ठेवलं आणि झाकणात पाणी. ते तापलं की तेच पाणी आत घालायचं. गार पाणी घातलं तर मटण आखडतं. शिजल्यावरचं पाणी म्हणजे अळणी. तिथून दोन वाटा फुटतात. पांढऱ्यासाठी तुपात तमालपत्र, दालचिनी, लवंग, वेलदोडा आणि मिरी, त्यावर काजू, तीळ आणि खसखशीचं बारीक वाटण, मग अळणी आणि सगळ्यात शेवटी नारळाचं दूध. ते पडलं की आच एकदम मंद. खळखळून उकळलं तर फाटतं. आत्या त्या वेळी पातेल्यापासून हलली नाही, डाव सारखा फिरत होता, डोळे कडेवर येणाऱ्या बुडबुड्यांकडे. गुळव्याचं आणि ऑपरेटर काकांचं लक्ष मी याच आठवड्यात पाहिलं होतं. तेच इथेही होतं. तांबड्याचं तसं नाही, तो रांगडा आहे: भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तेलात परतलेली चटणी आणि अळणी, वर तर्री. सुकं मटण, दही-कांदा आणि ज्वारीची भाकरी. आधी पांढरा प्यायचा, मग तांबडा ओरपायचा, आणि वाटी रिकामी दिसली की ती भरली जाते.

संध्याकाळी खासबागेकडे गेलो, भेळेसाठी. १९१२ चं कुस्तीचं मैदान आणि शेजारी १९१५ चं पॅलेस थिएटर म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, दोन्ही शाहू महाराजांनी दिलेली. कुस्ती, नाटक आणि खाऊगल्ली एका हाकेच्या अंतरावर असलेलं दुसरं गाव मला माहीत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक रस्त्यावर उभे राहून रडले, असं भाऊने सांगितलं आणि ते सांगताना त्याचाही आवाज बदलला. नंतर तिथे पुनर्बांधणीचं काम सुरू झालं.

माझं मत स्पष्ट आहे. कोल्हापूरने आपली चव सांभाळली, कारण ती रोज कुणाच्या तरी चुलीवर शिजते. सिनेमाचा वारसा मात्र जयंती-पुण्यतिथीच्या हारापुरता उरत चालला आहे, आणि तो असा उरू देणं बरोबर नाही. बाबूरावांचा कॅमेरा, प्रभातची सुरुवात, जयप्रभातले चित्रपट, थिएटरांतली यंत्रं आणि ती चालवणारे हात, या सगळ्याचं एक चांगलं संग्रहालय याच शहरात व्हायला हवं. ऑपरेटर काकांसारखी माणसं आहेत तोवर त्यांचं सांगणं मुद्रित करून ठेवायला हवं.

तोवर तुम्ही जाल तेव्हा एवढं करा. डिसेंबर किंवा जानेवारी निवडा, म्हणजे गुऱ्हाळं चालू असतात. निघण्याआधी घरी 'अयोध्येचा राजा' आणि 'साधी माणसं' पाहून घ्या. मटण खायच्या आधी अर्धा तास खरी कॉर्नरला आणि एक दुपार मांडरे संग्रहालयाला द्या, आणि मुलांना बरोबर न्या.